ऑपरेशनआधी लावून ठेवायचा ओटा

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की रजा किती टाकायची, दवाखान्यात रात्री कोण थांबणार याची चर्चा होते. स्वयंपाकघराचा विषय निघतो तो घरी परतल्यावर, आणि तेव्हा ओट्याशी उभं राहायचं त्राण नसतं. यातल्या स्लीव्ह पद्धतीत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) केला तर वर जेमतेम ३० मिलीची पिशवी उरते. तेवढ्या जागेतून रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं आणि दीड लिटर द्रव पोटात जायला हवं. त्यामुळे तयारी दोन-तीन आठवडे आधी लागते. प्रत्येक सर्जनचे टप्पे थोडे वेगळे असतात. तुमच्या आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद आणि इथला मजकूर जुळला नाही तर कागद खरा धरा.

ऑपरेशनआधीचे साधारण दोन आठवडे ८०० ते १२०० कॅलरींचा, पिठूळ पदार्थ कमी आणि प्रथिनं भरपूर असा आहार देतात. वजन जास्त असलं की यकृतात बहुधा चरबी साठून ते मोठं झालेलं असतं, आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर येतो. तो आक्रसला की दुर्बिणीला जागा मिळते. याच दिवसांत ‘आता पुढे खायला मिळणार नाही’ म्हणून ऑपरेशनचं केळवण करणारे नातेवाईक निघतात. त्यांना वेळीच आवरा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा आहार सुरू करण्याआधीच डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. खाणं निम्म्यावर आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाते.

भांड्यांची खरेदी फार नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, औषधाच्या बाटलीवरचे ३० मिलीचे दोन-तीन मापाचे कप, लहान मुलाचा चमचा, बारीक जाळीची गाळणी, मिक्सरचं चटणीचं भांडं आणि झाकणाचे बर्फाचे दोन ट्रे एवढं पुरे. नेहमीची आमटीची वाटी दीडशे मिलीच्या आसपास असते, म्हणजे सुरुवातीच्या एका जेवणाच्या दुप्पट-अडीचपट. ती कपाटात मागे सारा. पाण्याचा हिशोब असा: दर पंधरा मिनिटांना ३० मिली घेतलं तर बारा तासांत जवळपास दीड लिटर होतं. मोबाइलवर गजर लावा, कारण तहान लागेपर्यंत थांबलात तर एकदम पिऊन ते भरून काढता येणार नाही. सोडा आणि कोल्ड्रिंक घरातच ठेवू नका.

सामान टप्प्यांप्रमाणे भरा. पहिले एक-दोन दिवस नितळ द्रव, मग दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, गाळलेलं कढण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटलेलं, पाचव्या-सहाव्यात मऊ. शाकाहारी घरात इथे एक जुना गैरसमज आड येतो: वरणाच्या वरच्या पाण्यात ‘सगळी ताकद’ असते. वरचं पाणी हे बहुतेक पाणीच. ३० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती तळाच्या गाळात राहतात. म्हणून डाळ कुकरला अगदी गाळ शिजवा, चटणीच्या भांड्यात फिरवा, मग पातळ करून गाळा. मीठ, हिंग, जिऱ्याची पूड चालेल. फोडणी आणि मिरची नंतर. दोनशे मिली साय काढलेल्या दुधात वीस ग्रॅम स्किम मिल्क पावडर कालवली की प्रथिनं साडेसहावरून साधारण तेरा-चौदा ग्रॅमवर जातात. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, काहींना दूध पचत नाही. ताक किंवा व्हे आयसोलेट (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रथिनांची पावडर) हाताशी असू द्या. व्हेचा मोठा डबा मात्र आधी घेऊ नका. ऑपरेशननंतर चव बदलते आणि आवडलेला स्वाद नकोसा होतो. सुट्या पुड्या आणा, आणि पावडर उकळत्या दुधात टाकू नका, गुठळ्या होतात.

वाटलेल्या टप्प्यासाठी चक्का फार सोयीचा. कमी सायीच्या दुधाचं दही पातळ फडक्यात फ्रिजमध्येच रात्रभर टांगा. बाहेर टांगलं तर आंबटतं. साखर न घालता मीठ-जिऱ्याची पूड घालून मऊ फेटा. मूगडाळ आणि चिकन वाटून ट्रेमध्ये गोठवा. ट्रेचा एक खण किती मिलीचा, ते पाण्यानं मोजून त्यावर लिहा, म्हणजे भूल उतरलेल्या डोक्यानं हिशोब करावा लागणार नाही. मऊ टप्प्याला पातळ पिठलं, मऊ अंडं (एकात ६ ग्रॅम), कुस्करलेलं पनीर, आणि मासे खाणाऱ्यांना वाफवलेले ओले बोंबील. कोरड्या चिकनपेक्षा ते कितीतरी सुखाने उतरतात.

पोळी-भाताची घाई नको. ताजी मऊ पोळी चावली की तिचा चिकट गोळा होतो आणि तोच अडकतो. छातीत दाटतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. तेव्हा वरून पाणी पिऊन ढकलू नका, खाणं थांबवा आणि थोडं चाला. घास नखाएवढा, जेवण वीस ते तीस मिनिटं, पाणी जेवताना नाही आणि नंतरही अर्धा तास नाही. ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, भूक उरली तर भाकरीचा तुकडा. उलट शेव, चिवडा, बिस्किटं मुळीच अडकत नाहीत, आणि पुढे वजन परत चढतं ते बरेचदा त्यांच्यामुळेच. आमरस, श्रीखंड, गुळाचा चहा यांनी बायपासनंतर दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळा आणि जुलाब होऊ शकतात. गूळ ‘नैसर्गिक’ असला तरी आतड्याला ती साखरच. उपवास पहिले काही महिने सोडा. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच, आणि तो पोळीसारखाच अडकतो.

गोळ्यांचा डबा आधी भरा. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही. लेबल वाचा: कॅल्शियम कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, ते आता कमी, कॅल्शियम सायट्रेट घ्या. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या आगेमागे चहा नाही. बी-१२ कायमचं.

फ्रिजवर सर्जनच्या टीमचा नंबर चिकटवा. ताप, १२० च्या वर नाडी किंवा वाढत जाणारी पोटदुखी दिसली की लगेच फोन. पाणीही टिकत नसेल, उलट्या थांबत नसतील, तर वाट बघू नका. शरीरातलं थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) झपाट्यानं संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. जवळच्या दवाखान्यात जावं लागलं तर ऑपरेशनचा कागद दाखवा आणि ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन द्यायला सांगा.