मणक्यात सिमेंट भरल्यानंतर आईवर लक्ष कसं ठेवलं

आईचं वय ७४. पाण्याची कळशी उचलताना पाठीत कट्कन आवाज झाला आणि मणका दबला. डॉक्टरांनी सुईने त्या मणक्यात हाडांसाठीचं खास सिमेंट भरलं, त्याच संध्याकाळी ती धरून चालली.

घरी आणल्यावर रोज सकाळी मी तिच्या दोन्ही तळपायांवर कापसाचा बोळा फिरवून विचारायचे, "सारखंच लागतंय ना?" सिमेंट मणक्याबाहेर थोडं झिरपू शकतं, बहुतेकदा त्रास होत नाही. पण नसांवर दाब आला तर पाय बधिर होतो, ताकद जाते, लघवी अडते किंवा नकळत होते. रक्तातून सिमेंटचा कण फुप्फुसात गेला तर धाप लागते, छातीत दुखतं. यातलं काहीही दिसलं तर फोनाफोनी न करता थेट इमर्जन्सी गाठा. ताप, जखमेतून पू आला तर त्याच दिवशी दाखवा.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. काही आठवड्यांनी नव्या जागी कळ आली तर "जुनंच दुखणं" म्हणून बाम चोळत बसू नका. शेजारचा मणका दबलेला असू शकतो, एक्स-रे काढा. सिमेंटने एक मणका सावरतो, हाडं ठिसूळच राहतात. या ठिसूळपणावरचं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आमची कळशी आता ओट्यावरच असते.