डेफब्लाइंड बाळ वाढवताना या चुका टाळा, आणि आधी त्याचे हात सोडा

माझी लेक जन्मापासूनच ऐकायला आणि बघायला दोन्हीकडून कमी. आता नऊ वर्षांची आहे. गेली काही वर्षं असं बाळ असलेल्या घरी कोणी बोलावलं की मी जाऊन बसते, आईबाबांशी बोलते, बाळाशी खेळते, आणि घर कुठलंही असो, चुका त्याच त्याच दिसतात. त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्यात, त्याची किंमत माझ्या लेकीने मोजलीय, म्हणून दुसरं कोणी करताना दिसलं की जीव तुटतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. डेफब्लाइंड म्हटलं की लोकांना वाटतं ठार काळोख आणि ठार शांतता. तसं फार कमी मुलांचं असतं. बहुतेकांना थोडं दिसतं नाहीतर थोडं ऐकू येतं. अडचण अशी की न दिसणारं मूल कानांनी भरून काढतं, न ऐकणारं डोळ्यांनी, इथे एकाची उणीव दुसऱ्याला भरून काढता येत नाही. म्हणून लांबचं जग बाळापर्यंत पोचतच नाही, किंवा तुकड्यातुकड्यात पोचतं. जे अंगाला लागतं तेवढंच खरं.

अचानक उचलणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. ऐकू-दिसणाऱ्या बाळाला तुम्ही येताय हे पावलांवरून, आवाजावरून, दारातल्या सावलीवरून आधीच कळतं. या बाळाला काहीच कळत नाही. शांत पडलेलं असताना एकदम जमीनच निघून जाते, हवेत उचललं जातं, कपडे निघतात, अंगावर पाणी पडतं. दिवसातून पंधरा वेळा. मग बाळ अंग ताठ करतं, किंचाळतं, आणि घरचे म्हणतात चिडकं आहे, पाण्याला घाबरतं, मांडीवर राहतच नाही. अहो, ते पाण्याला नाही घाबरत, तुमच्या अचानकपणाला घाबरतं.

माझी पद्धत सांगते. जवळ गेले की आधी खांद्यावर तळहात ठेवायचा, घट्ट, हलका गुदगुल्या करणारा स्पर्श नको, त्याने उलट दचकतात. मग माझी वेणी तिच्या हाताला लागेल अशी जवळ आणायची, म्हणजे आई आली. तिच्या बाबांची खूण दाढी, आजोबांची घड्याळाचा पट्टा. त्यानंतर दोन्ही काखेत हात घालून किंचित वर, जेमतेम, आणि थांबायचं. मग उचलायचं. सुरुवातीला काहीच फरक दिसत नाही. आमच्याकडे दीडेक महिन्याने काखेत हात गेला की ती मान आवरून घ्यायला लागली, म्हणजे पुढे काय होणार हे तिला कळलं. मी त्या दिवशी तिला उचललंच नाही लगेच, तशीच रडत बसले होते.

आणि खूण घरातल्या सगळ्यांची एकच हवी. आई काखेतून उचलते, आजी पाठीखालून, मावशी हात धरून ओढते, असं असेल तर ती खूण राहिलीच नाही. कागदावर लिहून भिंतीला लावा. पाहुण्यांना वाईट वाटलं तर वाटू दे, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरवायचं नाही.

हात धरून ओढणं

हे जरा सविस्तर सांगते, कारण यात मी सगळ्यात जास्त चुकले.

लेक अकरा महिन्यांची असताना एक थेरपिस्ट यायच्या. त्यांचं म्हणणं की हिला स्पर्शाची सवय लावायला हवी, नाहीतर मागे पडेल. रोज वीस मिनिटं. तिचा हात मनगटाला धरायचा आणि ब्रशवर घासायचा, मग स्पंज, मग वाळू, मग काहीतरी चिकट. ती रडायची. मला सांगितलं होतं की रडू दे, सवय होईल. मला घाई झाली होती, कोणाचं मूल काय करतंय हे सगळं डोक्यात, त्यामुळे त्या नसताना संध्याकाळी मी अजून एक राउंड घ्यायचे. तीन आठवड्यांत तिने मुठी बंद केल्या. म्हणजे खरंच बंद, अंगठा आत. जी बाटली ती आधी दोन्ही हातांनी धरायची ती धरेना. माझा चेहरा चाचपायची ते बंद. कोणी जवळ आलं की दोन्ही हात पाठीमागे. मला वाटलं काही नवीन आजार झाला, डॉक्टरांकडे धावले, तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. निघणार कसं, आजार नव्हताच.

या बाळाचे हात म्हणजे त्याचे डोळे, कान आणि पुढे जाऊन तोंड पण, कारण बोलणार ते हातांनीच. आता विचार करा, तुमचं डोकं कोणीतरी दोन्ही हातांनी पकडलं, पापण्या ओढून उघडल्या आणि म्हणालं बघ, बघ, हे बघ. किती दिवस डोळे उघडे ठेवाल?

त्या मुठी उघडायला चार महिने लागले. केलं काय, तर काहीच करायला लावलं नाही. तिला मांडीत घ्यायचे, तिची पाठ माझ्या छातीला, आणि तिच्या हातांजवळ माझ्या हातात एक लाकडी कडं घेऊन मी स्वतःच खेळत बसायचे. फिरवायचे, ठोकायचे, नखाने खरवडायचे. तिला द्यायचं नाही, तिचा हात धरायचा नाही. पहिले कित्येक आठवडे काही नाही. मग एका दुपारी तिची करंगळी माझ्या अंगठ्याच्या नखावर येऊन टेकली. एवढंच. मी श्वास रोखून कडं फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी दोन बोटं. मग कधीतरी अख्खा पंजा माझ्या हातावर बसून फिरायला लागला.

यालाच हाताखाली हात म्हणतात. तुमचा हात खाली, बाळाचा वर. वरचा हात कधीही काढून घेता येतो, तिथेच सगळा फरक आहे. वरून पकडून करून घेतलं की बाळ एवढंच शिकतं की हात हे दुसऱ्यांच्या मालकीचे आहेत. ज्यांना आठवड्यात रिझल्ट हवा असतो त्यांना हे पटत नाही, वरून धरलं की लगेच काहीतरी केल्यासारखं दिसतं ना, व्हिडिओ पण छान येतो. पण ते बाळाने केलेलं नसतं, तुम्ही केलेलं असतं.

हात मागे घेतला तर तो नकार आहे, आणि नकार हे बोलणंच आहे. मान द्या त्याला.

न थांबणं

दुसरी माझी आवडती तक्रार. आपण काहीतरी करतो, दोन सेकंद बघतो, बाळ काही करत नाही, म्हणजे समजलं नाही असं ठरवून परत करतो. या बाळांना स्पर्शातून आलेली गोष्ट जुळवायला आणि उत्तर द्यायला खूप वेळ लागतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मनात मोजा. मी लेकीला मांडीवर घेऊन पुढेमागे झुलायचे आणि मधेच थांबायचे. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मोजत होते, सतरावर तिने पाठीने मला हलकासा धक्का दिला. परत झुल, असं. ते तिचं पहिलं वाक्य समजा. मी आठवर कंटाळून परत झुलले असते तर ते मला कधी कळलंच नसतं.

ही अंगाने अंगाशी बोलायची पद्धत मी शोधलेली नाही. नेदरलँड्समध्ये यान फान डाइक यांनी १९६० च्या दशकात अशा मुलांबरोबर काम करत ती बसवली. त्या काळात आईला गरोदरपणात झालेल्या रुबेलामुळे (जर्मन गोवर) अशी पुष्कळ मुलं जन्मली होती, नुसत्या अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीनंतर जन्मतः रुबेलाची बाधा असलेली सुमारे २०,००० बाळं जन्माला आली. लस १९६९ मध्ये आली.

यावरून आठवलं, हेलन केलर या प्रसिद्ध डेफब्लाइंड लेखिकेचं उदाहरण देऊन आईला घाबरवणं बंद करा. ती १९ महिन्यांची होईपर्यंत बघत होती, ऐकत होती, एखाददुसरा शब्द बोलत होती. तिच्या शिक्षिका अॅन सलिव्हन तिच्याकडे ३ मार्च १८८७ ला आल्या तेव्हा ती जवळपास सात वर्षांची होती आणि घरात स्वतःच्या खुणा करून मागत होती. जन्मतः डेफब्लाइंड बाळाच्या तळहातावर पहिल्या महिन्यापासून स्पेलिंग काढत बसायची घाई करू नका. आधी झुलणं, थांबणं, धक्का देणं. मग वस्तू. मग खुणा.

वस्तूंबद्दल. अंघोळीची खूण म्हणून प्लॅस्टिकचं छोटं खेळण्यातलं टब देतात लोक. डोळ्यांना ते टबसारखं दिसतं, हाताला अजिबात लागत नाही. रोज अंगाला लागणारा तोच टॉवेलचा तुकडा द्या. बाहेर जायचं तर खेळण्यातली गाडी नको, तिच्या सीटबेल्टच्या पट्ट्यासारखाच एक तुकडा.

खेळण्यांचा ढीग नको. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांची 'लिटल रूम' म्हणजे बाळाच्या अंगावरून ठेवायची एक छोटी पेटी, आत वस्तू टांगलेल्या, की हातपाय हलले की काहीतरी लागतं, वाजतं. लोक तशी घरी करतात, चांगलं आहे, पण रोज वस्तू बदलतात. कशाला? काल इथे चमचा होता हे त्याने कष्टाने शोधलंय, आज तिथे काहीच नाही. वस्तू जिथल्या तिथे ठेवा, एका वेळी एखादीच बदला. दोऱ्या आखूड ठेवा आणि बाळाला त्यात एकटं सोडून जाऊ नका.

बाकीच्या पटपट सांगते.

बाळ शांत आहे, त्रास देत नाही, म्हणजे छान आहे असं समजू नका. ते जगाची वाट बघणं सोडून देत असू शकतं. आणि उलट, बाळ हालचाल थांबवून एकदम स्थिर झालं तर दुर्लक्ष करतंय असं नाही, बऱ्याचदा ते ऐकत असतं. तेव्हा त्याला हलवू नका.

जन्मल्यावरची ओएई ही ऐकण्याची टेस्ट पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती कानाच्या आतल्या भागापर्यंतचं सांगते, पुढे नसेतून मेंदूकडे सिग्नल नीट जातोय का हे बेरा टेस्टमध्ये कळतं. आणि सगळे रिपोर्ट पूर्ण होईपर्यंत थांबू पण नका, खांद्यावर हात ठेवायला रिपोर्ट लागत नाही.

हिअरिंग एड शिट्टी मारतंय म्हणून काढून डब्यात ठेवणं. शिट्टी बहुतेक वेळा मोल्ड, म्हणजे कानात बसवायचा मापाचा तुकडा, सैल झाल्याची असते. तान्ह्या बाळाचे कान भराभर वाढतात, मोल्ड काही आठवड्यांत लहान पडू शकतो, नवीन करून घ्या. कान छातीला किंवा उशीला दाबला गेला तरी वाजतं. सेलच्या झाकणाला लॉक हवंच, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक हॉस्पिटल.

चष्मा बाळ फेकतंय म्हणून बंद करू नका. दिवसातून पाच वेळा दोन-दोन मिनिटं लावा, पण बघण्यासारखं काहीतरी असेल तेव्हाच.

उजेड बाळाच्या पाठीमागून यायला हवा. तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसलात तर तुमचा चेहरा म्हणजे त्याला नुसता काळा गोळा.

दाखवताना बोलू नका आणि बोलताना दाखवू नका, काही मुलं ऐकायला लागली की बघणं थांबवतात. एका वेळी एकच.

डोळे बोटांनी दाबत असेल तर हात झटकू नका, हाताला दुसरं काम द्या. पण एकाएकी जास्त चोळायला लागलं, डोळ्यातून पाणी यायला लागलं, उजेड नको झाला, बुबुळ धुरकट वाटलं, तर थेट डोळ्यांचे डॉक्टर, त्याच दिवशी. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाळांमध्ये डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं. तसंच डोकं आपटणं, कान ओढणं अचानक सुरू झालं तर 'सवय आहे' म्हणू नका, आधी कान तपासा. ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं असंच बाहेर पडतं.

चालत नाही म्हणून वॉकरमध्ये टाकणं, हे तर नकोच. काही मुलांच्या, विशेषतः चार्ज सिंड्रोम या जन्मजात विकारात, कानातला तोल सांभाळणारा भागच नीट घडलेला नसतो. ती जमिनीवर लोळून, पाठीवर सरकत, डोकं टेकवून आपला तोल शोधतात. जमीन द्या भरपूर.

आणि एक, जे जवळपास कोणीच करत नाही. निघताना सांगत नाहीत. बाळ खेळतंय, गुंतलंय, हळूच उठून जाते मी, असं सगळ्या आयांना वाटतं. त्याच्यासाठी तुम्ही गेला नाहीत, तुम्ही नाहीशा झालात. मी उठण्याआधी वेणी परत हाताला लावते, मग माझा हात तिच्या हाताखाली घालून दोन वेळा हलवते, टाटा, आणि तिचा हात खाली जमिनीवर टेकेपर्यंत सोबत जाते. स्वयंपाकघरात दोन मिनिटांसाठी जायचं असलं तरी. आता ती स्वतःच माझा हात दोन वेळा हलवून मला घालवते, तिला एकटीला खेळायचं असलं की.