जी नोंद झालीच नाही: कागद नसलेल्या पूर्वजांचा माग कसा काढावा

घराण्याचा इतिहास शोधू लागलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो जुने कागद गोळा करण्याचा. ज्यांच्या घरी सनद आहे, जमिनीचे उतारे आहेत किंवा निदान आजोबांचा शाळेचा दाखला आहे, त्यांना हा सल्ला उपयोगी पडतो. भूमिहीन शेतमजूर, गावकुसाबाहेरच्या वस्त्या, भटक्या जमाती आणि जवळपास सर्वच जातींतील स्त्रिया यांच्या बाबतीत मात्र जन्म, लग्न किंवा मृत्यूची नोंद पुष्कळदा हरवलेली नसते. ती कोणी केलेलीच नसते. अशा वेळी शोधाची रीतच बदलावी लागते.

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, तुम्हाला तुमच्या पणजीविषयी लिहायचे आहे. ती १९२० च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात भूमिहीन कुटुंबात जन्मली, शाळेत गेली नाही, लहान वयात लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात आली, नवऱ्याबरोबर काही वर्षे मुंबईच्या गिरणगावात राहिली आणि १९६० नंतर कधीतरी गावी वारली. घरात तिचा एकही कागद नाही.

पहिली पायरी: नोंद होणे अपेक्षित होते का, हे ठरवा

एका वहीत तिच्या आयुष्यातील घटना क्रमाने लिहा आणि प्रत्येकीसमोर त्या काळी ती कोण लिहून ठेवणार होते, हा प्रश्न मांडा. जन्माची नोंद झाली असलीच, तर ती गावपातळीवरील जन्म-मृत्यू नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असेल. विदर्भात अशा नोंदवहीला कोतवाल बुक म्हणतात. मात्र देशभर एकसारखी सक्तीची नोंदणी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने आली. त्यापूर्वीच्या नोंदी गावागणिक कमीअधिक आहेत आणि नोंद सापडली तरी तीत बहुतेकदा बापाचे नाव आणि ‘मुलगी’ एवढेच असते, कारण नोंद होईपर्यंत बारसेच झालेले नसते. म्हणून पणजीच्या नावाने शोधण्याऐवजी तिच्या वडिलांच्या नावाने शोधावे.

लग्नाची सरकारी नोंद जवळजवळ नक्कीच नसणार. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमानेही नोंदणी झाली नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही, असेच मान्य केले आहे. त्याच्या आधी तर प्रश्नच नव्हता. शाळेची नोंद नाही, जमीन नसल्याने हक्कनोंदही नाही. जनगणनेत तिला मोजले गेले असेल, पण व्यक्तीगणिक पत्रके पाहायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना अधिनियमाने ती गोपनीय ठेवली आहेत आणि प्रसिद्ध होतात ते फक्त आकडे. मृत्यूच्या नोंदीला मात्र बऱ्यापैकी आशा आहे. एवढे कागदावर आले की कुठे थांबायचे आणि कुठे जोर लावायचा, ते दिसू लागते.

दुसरी पायरी: ‘नोंद आढळून येत नाही’ या उत्तराच्या मागे जा

कार्यालयातून हे उत्तर मिळाले की बहुतेक जण परत फिरतात. वस्तुतः त्याचे तीन निरनिराळे अर्थ असू शकतात. नोंदवही आहे पण तुमची नोंद तीत नाही, नोंदवही होती पण नष्ट झाली किंवा केली गेली, अथवा त्या गावाची त्या वर्षांची नोंदवही कधी ठेवलीच गेली नव्हती. इतिहास लिहिणाऱ्यासाठी यातील फरक फार महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरातूनच ‘नोंद झाली नव्हती’ असे म्हणता येते.

म्हणून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करताना विशिष्ट व्यक्तीची माहिती मागण्यापूर्वी त्या गावाच्या कोणकोणत्या वर्षांच्या नोंदवह्या जतन आहेत त्यांची यादी मागावी आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंद असल्यास तिची प्रतही मागावी. १९१५ ते १९२५ च्या वह्या उपलब्ध असतील तर त्या पानोपान पाहाव्यात. जुने दप्तर मोडीत असण्याची शक्यता मोठी आहे. स्वतःला मोडी येत नसेल तर जाणकाराला सोबत न्यावे, अंदाजाने वाचू नये. मराठवाड्यात निजामकालीन दप्तर उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे असते. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन साधारण मिळतो.

तिसरी पायरी: दुसऱ्याच कामासाठी झालेल्या कागदांत तिला शोधा

खरे काम येथे आहे आणि सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. पणजीची नोंद करण्यात कोणालाही रस नव्हता, पण तिच्या आसपासच्या माणसांची मालमत्ता, मजुरी, भाडे आणि वाद यांची नोंद करण्यात सरकारला व मालकांना रस होता. त्या कागदांच्या कडेला ती उभी असते.

जमिनीपासून सुरुवात करावी, कुटुंब भूमिहीन असले तरीही. भूमिहीन मानलेली अनेक कुटुंबे दुसऱ्याची जमीन कुळाने कसत होती. १९४८ च्या कूळ कायद्यानंतर आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतर, कुळांना जमिनीची किंमत ठरवून मालकी देण्यासाठी कलम ३२ ग खाली चौकशा झाल्या. त्या प्रकरणांत कुळाचे नाव, त्याच्या मृत्यूनंतरचे वारस आणि काही वेळा जबाबही असतात. वतनाचे, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात मिळालेल्या जमिनीचेही तसेच आहे. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून जमिनी पुन्हा देण्याची तरतूद झाली, त्या निमित्ताने वतनदार कुटुंबांची नावे लिहिली गेली. तुमचे घर यांपैकी कशात बसते का, ते आधी तपासावे.

मग वारसाच्या फेरफाराकडे, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीकडे वळावे. पणजीच्या माहेरी किंवा सासरी नंतरच्या काळात एखादा तुकडा जरी नावावर झाला असेल, तरी खातेदार वारल्यावर झालेल्या फेरफारात मुलगे, विधवा आणि मुली यांची नावे येतात. कित्येक स्त्रियांचे स्वतःचे नाव, माहेरच्या वडिलांचे नाव आणि सासरचे गाव ही तिन्ही एका ठिकाणी लिहिली गेली ती भावांच्या लाभात हक्कसोडपत्रावर अंगठा देताना. जमीन सोडण्याच्या क्षणी का होईना, तिचे नाव कागदावर आले, म्हणून हे दस्त वरवर पाहून बाजूला ठेवू नयेत. अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या रूपात मिळतात, त्यामुळे निदान पहिली चाळणी घरबसल्या करता येते. वाचताना ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको हे ध्यानात ठेवावे. आडनावावर भिस्त ठेवू नये. एकच कुटुंब एका कागदात आडनावाने, दुसऱ्यात जातीच्या नावाने आणि तिसऱ्यात नुसत्या बापाच्या नावाने आलेले असू शकते.

तिच्या मुलांच्या शाळेत जावे. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जात, जन्मगाव आणि पालक लिहिलेले असतात. मुलाचा जन्म आजोळी झाला असेल, तर जन्मगावाच्या रकान्यात पणजीच्या माहेरचे गाव अचानक समोर येते. तेथील जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवताना सावध असावे. १ जून ही तारीख हजारो मुलांच्या नावापुढे आहे, कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि गुरुजी वयाचा हिशेब त्यावरून बसवीत.

मुंबईच्या वर्षांसाठी खोलीच्या भाडेपावत्या, रेशनकार्ड आणि नवऱ्याचे गिरणीतील कागद शोधावेत. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये झाला. त्यानंतर तो नोकरीत असेल तर नामनिर्देशनाच्या अर्जात पत्नीचे नाव आणि वय लिहिलेले असण्याची शक्यता आहे. कामावर अपघाती मृत्यू झाला असेल, तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालील प्रकरणात अवलंबून असलेल्यांची नावे येतात. जुन्या मतदार याद्या मिळाल्या तर पाहाव्यात, पण तेथे नाव नसले तर आश्चर्य वाटू नये. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरात, मुख्यतः उत्तर भारतात, सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितल्यामुळे त्यांची नावे यादीतून वगळली गेली होती.

चौथी पायरी: घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारा, आणि नेमके विचारा

‘पणजीविषयी काही सांगा’ असे म्हटले तर ‘फार सोसलं बिचारीनं’ यापलीकडे उत्तर येत नाही. आत्याआजी, चुलत आजी, आईची मावशी यांच्याकडे नात्याच्या व्यवहारातून जावे. सणाला तिला न्यायला मुराळी म्हणून कोण यायचे? भाऊबीजेला ती कोणाला ओवाळायची? तिच्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून कोण उभे राहिले? बाळंतपणाला ती कोणत्या गावी गेली? लग्नात देवक कशाचे ठेवले होते आणि कुळाचा देव कोणता? या प्रश्नांची उत्तरे माणसांना वंशावळीपेक्षा पक्की आठवतात आणि त्यांतून माहेरचे संपूर्ण घर उभे राहते. जात्यावरच्या ओव्या कोणाला येत असतील तर त्याही म्हणवून घ्याव्यात. त्यांत भावाचे नाव आणि माहेरचे गाव गुंफलेले असते.

परवानगी घेऊन बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण व सांगणाऱ्याचे पणजीशी नाते बोलून ठेवावे. दोन जणींना एकत्र बसवून विचारण्यापेक्षा वेगवेगळे विचारणे चांगले, कारण एकत्र असल्या की थोरलीचे म्हणणेच सर्वांचे होते. फरक आढळला तर तो मिटवू नये, दोन्ही उत्तरे नावानिशी ठेवावीत. सांगायचे नाही असे कोणी म्हटले तर तेथे थांबावे. सोडचिठ्ठी, पाट किंवा घर सोडून जाणे अशा गोष्टी सांगणारीच्या इच्छेविरुद्ध काढून घेण्याचा अधिकार नातवंडांनाही नाही.

पाचवी पायरी: साल घटनांवरून बसवा

तारखा कोणी लक्षात ठेवल्या नसल्या तरी घटना ठेवल्या आहेत. १९१८ ची मानमोडीची साथ, १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतील स्फोट, १७ जुलै १९४७ ला बुडालेली रामदास बोट, ३० जानेवारी १९४८ ची गांधीहत्या, त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील हैदराबादचे पोलीस अॅक्शन, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ: आपल्या भागाला लागू पडणाऱ्या अशा घटनांची यादी आधी तयार ठेवावी आणि मग प्रश्न विचारावा. ‘गांधीबाबा गेले तेव्हा थोरला रांगत होता’ असे कोणी सांगितले, तर थोरल्याचा जन्म १९४७ च्या आसपास जातो. ‘धोंड्याच्या श्रावणातला’ असे सांगितले तर जुने पंचांग काढावे; १९४७ साली अधिक श्रावण होता. ‘पणजी वारली तेव्हा भूकंप होऊन गेला होता का’ या एका प्रश्नाने मृत्युनोंद कोणत्या वर्षांत शोधायची तेही ठरते. एकच साल ठामपणे लिहिण्याऐवजी ‘१९१८ ते १९२३ दरम्यान’ असे लिहावे आणि तो अंदाज कशावरून केला, ते शेजारी नोंदवावे.

सहावी पायरी: सरकारबाहेरच्या वह्या पाहा, पण पारखून

कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी घरोघर फिरून कुळांच्या वंशावळी वाचतात. अनेक जातींचे स्वतःचे भाट आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळी असतात. यांत पुरुषांची साखळी लांबपर्यंत मिळू शकते. मात्र ज्यांना तीर्थावर उपाध्याय मिळतच नव्हता, त्यांची नोंद तेथे नसणार. दोन-तीन अलीकडच्या पिढ्यांची नावे तुमच्या माहितीशी जुळतात का हे पाहूनच पुढचे स्वीकारावे आणि पैसे देऊन एखाद्या राजघराण्याशी जोडून घेतलेली वंशावळ सरळ नाकारावी. कोकणातील घराची एखादी शाखा १९ व्या शतकात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला गेली असेल, तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील स्थलांतरितांच्या दप्तरात बापाचे नाव आणि मूळ गाव मिळू शकते.

सातवी पायरी: नोंद आता तुम्ही करा

जमलेली माहिती पणजीच्या नावाने एका लेखात मांडावी. प्रत्येक विधानापुढे ते कागदावरून आहे, कोणाच्या सांगण्यावरून आहे की तुमचे अनुमान आहे, हे लिहावे. जेथे काहीच मिळाले नाही, तेथे रिकामी जागा सोडून कारण द्यावे: ‘लग्नाची नोंद नाही, त्या काळी अशी नोंदणी होत नव्हती’ किंवा ‘गावाची १९१५ ते १९२५ ची नोंदवही उपलब्ध नाही, तहसील कार्यालयाचे पत्र सोबत जोडले आहे’. कारणासह लिहिलेली अशी पोकळी पुढच्या शोधकाचे श्रम वाचवते आणि पणजीची कोणी नोंद घेतली नाही, ही गोष्टही इतिहासात राहते.

जातीच्या दाखल्यासारख्या कामासाठी असा लेख पुरेसा नसतो, तेथे शासनाने ठरवलेले पुरावेच लागतात. तरीही तो कायद्याच्या दृष्टीने अगदीच निरर्थक नाही. नात्याविषयी माहीतगार आणि आता हयात नसलेल्या व्यक्तीने वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेले कथन विचारात घेण्याची तरतूद १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये होती आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. म्हणून हयात वडीलधाऱ्यांचे जबाब तारीख घालून, वाचून दाखवून, सही किंवा अंगठ्यासह आजच घ्यावेत.

लेखाच्या प्रती काढताना लेकींच्या सासरीही एकेक प्रत द्यावी आणि मूळ ध्वनिमुद्रणे निदान दोन वेगळ्या घरांत ठेवावीत. प्रत्येक प्रतीच्या शेवटी काही कोरी पाने जोडावीत, कारण मजकूर वाचल्यावर एखादी मावशी हमखास म्हणते की हे असे नव्हते, आणि ती दुरुस्ती तिच्या नावाने व तारखेने तेथेच उतरवून घेता येते.