भूगोलाच्या बाईंचा ड्रोन डोंगरावर

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) जवळ जवळ आल्या की चढ तीव्र, लांब गेल्या की सौम्य, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि माझा ड्रोन डोंगराला आपटला तो 'उंची' या शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे. शाळेत ही गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. इथे सांगते, कारण साठीच्या आगेमागे ड्रोन हातात घेणारे आता बरेच दिसतात आणि त्यांना शिकवणारी पोरं नेमकी हीच गोष्ट गाळतात.

पाती कशी लावायची, ॲप कसं टाकायचं हे तुम्हाला येत असणार, त्यावर वेळ घालवत नाही.

माझा ड्रोन मुळात मुलाचा. हौसेने घेतला, दोन सहली झाल्या आणि कपाटात गेला. निवृत्तीनंतर कपाट आवरताना मला सापडला. वजन २४९ ग्रॅम. हा आकडा उगाच नाही. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पात्यांना गार्ड लावलेत की वजन अडीचशेच्या वर जातं आणि तुम्ही 'मायक्रो' गटात जाता. तिथेही निव्वळ हौसेसाठी प्रमाणपत्र लागत नाही, पण पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग करायचं असेल तर लागतं. ते मिळण्याचं वय १८ ते ६५. म्हणजे आपल्यासारख्यांनी घाई करायची ती फक्त याच बाबतीत.

माझ्या भाच्याने मला मैदानात अर्धा तास शिकवलं. त्याचं एक पेटंट वाक्य होतं, "मावशी, काही झालं तर हे बटण दाब, तो आपोआप घरी येतो." 'आपोआप' हा शब्द मला तेव्हापासून नकोसा झाला आहे. हे घरी परतण्याचं बटण म्हणजे आरटीएच. संपर्क तुटला तर ड्रोन स्वतःहूनही हेच करतो. परत येताना किती उंचीवरून यायचं ते सेटिंगमध्ये भरावं लागतं. भाच्याने ३० मीटर भरले होते. मैदानाच्या कडेच्या झाडांना ते पुरेसे होते.

दीराचं शेत वाईजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. शेताच्या मागे डोंगराची एक सोंड उतरते. शेतापासून साधारण ७० मीटर उंच असेल. मी शेतातून ड्रोन उडवला, ९५ मीटरवर नेला, सोंड ओलांडली. पलीकडे ओढा आहे, तो जवळून बघावा म्हणून खाली आणला. पडद्यावर उंची दिसली ४० मीटर. मला वाटलं, छान, ओढ्यावर चाळीस मीटर आहोत. आणि पडदा गोठला.

आता इथे नीट लक्ष द्या. मी हे तीन वेळा सांगणार आहे, वर्गात सांगायचे तसं.

पडद्यावरची उंची ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून नसते. समुद्रसपाटीपासूनही नसते. ती तुम्ही जिथून उडालात त्या जागेपासून असते. उडताना ड्रोन स्वतःला शून्य समजतो आणि पुढे हवेचा दाब किती कमी होतो त्यावरून उंची काढतो. तुम्हीही शाळेत शिकलाय, आठ-नऊ मीटर वर गेलं की दाब साधारण एक मिलिबारने उतरतो. तेवढंच त्याला कळतं. खाली ओढा आहे, डोंगर आहे की कुणाचं घर, हे त्या दाबाला माहीत नसतं. पोटाखालचे सेन्सर जमीन बघतात, पण ते काही मीटरपर्यंत, उतरण्यापुरतं.

दुसऱ्यांदा सांगते. माझ्या पडद्यावर ४० होते, म्हणजे ड्रोन माझ्या शेताच्या ४० मीटर वर होता. मधली सोंड शेताच्या ७० मीटर वर. म्हणजे ड्रोन सोंडेच्या माथ्यापेक्षा ३० मीटर खाली आणि सोंडेच्या पलीकडच्या बाजूला. रेडिओलहरी काही डोंगराला वळसा घालून येत नाहीत. संपर्क तुटला. ड्रोनने शहाण्यासारखं ठरवलं, घरी जाऊ. परतीची उंची ३०, आपण आधीच ४० वर, म्हणजे वर चढायची गरज नाही. तिथून तो सरळ रेषेत माझ्याकडे निघाला. माझ्या आणि त्याच्या मधल्या सरळ रेषेत डोंगर होता. माझ्या ड्रोनला समोरचं दिसत नाही, पुढे बघणारे सेन्सर महागड्या मॉडेलना असतात.

तिसऱ्यांदा आकडे नकोत, चित्र काढा. कागदावर शेत, सोंड, ओढा यांचा आडवा छेद. आपण नववीला काढायचो तो. मी तो आयुष्यभर फळ्यावर काढला आणि स्वतःच्या कामाला मात्र काढला नाही.

तीन दिवसांनी एका गुराख्याच्या पोराने आणून दिला. करवंदीच्या जाळीत अडकला होता. कॅमेरा स्थिर धरणारं गिंबल मोडलं होतं, दोन पाती तुटली होती, पण कार्डातला व्हिडिओ शाबूत होता. शेवटची अकरा सेकंद कातळ मोठा मोठा होत जातो. आमचे हे तो व्हिडिओ पाहुण्यांना दाखवतात.

घाबरू नका पण. सांगितलं ते एकदा कळलं की हा खेळ आपल्या वयाला फार सोयीचा आहे. धावायचं नाही, वाकायचंही फार नाही. मी जमिनीवरून उडवत नाही, जुना पाट विटांवर ठेवते आणि त्यावरून उडवते, गुडघ्यांची कटकट नाही. हातावर उतरवून दाखवणारे पुष्कळ भेटतात. ते करू नका. आपली कातडी पातळ झालेली असते आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या पात्यांनी झालेल्या जखमेतलं रक्त लवकर थांबत नाही.

चष्म्याचं मात्र कुणीच सांगत नाही. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या, चष्म्यातून पडदा बघायला मान खाली घालायची आणि आकाशात बघायला वर करायची, असं चार वेळा झालं की आकाशातला ठिपका हरवतो. आम्ही कामं वाटून घेतली. हे आकाशाकडे बघतात, मी पडद्याकडे. "डावीकडे घार आहे," असं ओरडणं ही त्यांची जबाबदारी. घार आली तर पळवायचा नाही, सरळ वर चढवायचा. सरळ वर चढणं घारीला तितकंसं जमत नाही.

दिशेचा घोळ सगळ्यांचा होतो. ड्रोनचं तोंड तुमच्याकडे झालं की डावं-उजवं उलटं. पीटीच्या तासाला मुलांसमोर उभं राहून "डावा हात वर" म्हणताना बाईंना स्वतःचा उजवा वर करावा लागतो, अगदी तसंच. मला ते लगेच जमलं, त्याचं श्रेय कवायतीला.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं एक पक्कं मत आहे. पाच मिनिटांत ड्रोन शिका म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ बघू नका. मला खरं शिकवलं ते माझ्या जुन्या विद्यार्थ्याने. लग्नांची शूटिंग करतो, दहावीला भूगोलात कसाबसा सुटला होता. म्हणाला, "बाई, पंधरा दिवस रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं नाही. फक्त चौकोन काढायचे, मग इंग्रजी आठ." मला अपमान वाटला. पण सुंदर चित्राच्या मागे लागलं की माणूस बॅटरी बघत नाही, हे त्याचं म्हणणं खरं निघालं. खोक्यावर तीस मिनिटं लिहिलं असलं तरी मी वीसच धरते, आणि ४० टक्क्यांना परत फिरवते. जाताना वारा पाठीशी असतो तेव्हा आपण फार हुशार आहोत असं वाटतं. येताना तोच वारा तोंडावर असतो.

परदेशातल्या लेकाला येताना ड्रोन घेऊन ये म्हणू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि विमानतळावर कस्टम्ससमोर त्याची शोभा होईल.

उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. पुण्याच्या मंडळींना मी आधीच सांगते, नाराज व्हाल. लोहगावला हवाईदल, खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, खडकीला दारूगोळा कारखाना. त्यापेक्षा गावी जा. पण गावात पोलीस पाटलांना सांगूनच उडवा. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री आकाशात ड्रोन दिसतात म्हणून पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात गावंच्या गावं जागत होती. ती भीती अजून ताजी आहे. संक्रांतीच्या आठवड्यात तर ड्रोन बाहेर काढूच नका, मांजा पडद्यावर दिसत नाही.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा मी तो कृष्णेवर नेला. ऐंशी मीटरवरून नदीचं वळण दिसलं. बाहेरच्या काठाला कापलेली उभी दरड, आतल्या काठाला वाळूचं साचलेलं पोट. दर वर्षी फळ्यावर काढायचे ते. खडूने मी आतला काठ नेहमी जरा जास्तच गोल काढत होते, हेही दिसलं. त्या दिवशी रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहून गेलं.

आता डोंगरात जायचं असलं की आदल्या रात्री मी सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा पसरते, १ : ५०,००० चा, २० मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा. माझ्या आणि ड्रोनच्या मधली सगळ्यात उंच रेषा शोधते. समजा ती ८०० आणि माझं शेत ७३०. फरक ७०. झाडांचे १५, दोन रेषांच्या मध्ये लपलेल्या उंचवट्याचे आणि माझ्या चुकीचे मिळून ३०. परतीची उंची ११५ भरायची. ती प्रत्येक ठिकाणी नव्याने भरायची, कालची चालत नाही. बेरीज १२० च्या पुढे गेली तर तिकडे जायचं नाही, आणि पलीकडे दरी असेल तर तिथे जमिनीपासून १२० ची मर्यादा आधीच ओलांडली जाते, म्हणून तेही बघायचं. उडाल्यावर 'होम पॉइंट', म्हणजे परत यायची जागा, नोंदल्याचा आवाज येईपर्यंत पाटावरच घिरट्या.

हे सगळं करायला मला चाळीस मिनिटं लागतात. भाचा अजून हसतो. मागच्या महिन्यात त्याचा नवा ड्रोन पाचगणीच्या खाली कुठेतरी गेला, पठारावरून उडवला होता. परवा त्याचा फोन आला होता, नकाशा कुठे मिळतो म्हणून.