वालुकाश्मातले तिरपे थर वाचताना

चंद्रपूरकडचा कामठी वालुकाश्म (कामठी हे या खडकगटाचं नाव) आधी फोडून ताजा पृष्ठभाग बघा. बाहेरचा लोहाचा लेप कण झाकतो. दहापट भिंगाखाली २ मिमीपर्यंतचे कण म्हणजे वाळू, त्याहून मोठे ते खडे.

मग पाचेक पावलं मागे सरून मुख्य थराची रेघ शोधा आणि तिच्याशी कोन करणाऱ्या तिरप्या रेघा. त्या बहुधा खाली वळत सपाट होतात, वर मात्र कापल्यासारख्या तुटतात. उलटं दिसलं तर थर पालथे झाले असावेत. तिरप्या रेघांच्या उताराची दिशा ती वाळू आणणाऱ्या जुन्या प्रवाहाची. पण एकाच कड्यावर विसंबू नका: कड्याचा छेद प्रवाहाला तिरका असेल तर उतार फसवा दिसतो. काटकोनातली दुसरी बाजू बघितल्याशिवाय दिशा मोजायला होकायंत्र काढूच नये.

तपकिरी लोहपट्टे नवशिक्यांना हमखास चकवतात. पट्टा ओलांडताना कणांचा आकार बदलत नसेल, तर तो बहुधा नुसता रंग.