सकाळच्या रेडिओवर केल्टिक, लोकसंगीत आणि देशोदेशीची गाणी मिक्स करताय? या चुका टाळा

सांगलीत बसून सकाळी सहाला आयर्लंडची टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) लावायची, मग धनगरी ओवी, मग पश्चिम आफ्रिकेतला कोरा (तारांचं वाद्य), असला कार्यक्रम ऐकणार कोण असं आधी सगळेच विचारतात. ऐकतात हो. आमच्या छोट्या ऑनलाइन रेडिओवर सकाळचा हा स्लॉट मी बघतो आणि मेसेज सगळ्यात जास्त त्यालाच येतात, आमराईत फिरायला जाणाऱ्या काकांपासून कुपवाड एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला निघालेल्या पोरांपर्यंत. आता असेच शो सुरू केलेले काही जण रेकॉर्डिंग पाठवतात, "लोक पाच मिनिटांत निघून जातात, काय चुकतंय बघ की जरा" म्हणून. ऐकलं की कळतं, गाणी सगळ्यांची झकास आहेत, बिघडतंय ते दोन गाण्यांच्या मधे. अशा मिक्समधे एकेक गाणं सुटं ऐकून निवडून भागत नाही, आधीच्या गाण्यानं कानात काय ठेवलंय ते बघून पुढचं लावावं लागतं. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

सुराकडे लक्ष न देणं

ही सगळ्यात मोठी. केल्टिक संगीतात (आयर्लंड, स्कॉटलंड आणि त्यांच्या कुटुंबातल्या भागांचं लोकसंगीत) ड्रोन खूप असतो, म्हणजे आपल्या तानपुऱ्यासारखा एक सूर मागं सतत चालू, आणि तो सूर गाणं संपल्यावरही कानात राहतो. आयरिश वाद्यसंगीत बरंचसं डी आणि जी मधे असतं, आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी दोन आणि पांढरी पाच. आता पांढरी दोनमधली जोरदार रील, म्हणजे नाचाची वेगवान धून, संपवून तुम्ही लगेच काळी एकमधला अभंग लावला तर फक्त अर्ध्या सुराचा फरक पडतो आणि नेमका तोच वाईट, ऐकणाऱ्याला वाटतं गायकच बेसूर लागलाय. बिचाऱ्या गायकाची काही चूक नसते. त्यापेक्षा चार-पाच सुरांचा फरक असेल तर तेवढं खटकत नाही.

बॅगपाइपचं तर आणखी वेगळं आहे. २६ जानेवारीच्या संचलनात लष्करी बँडमधे दिसतो तो स्कॉटलंडचा हायलँड बॅगपाइप, त्याचा मूळ सूर कागदावर ए लिहितात पण वाजतो बी फ्लॅटच्याही किंचित वर, म्हणजे काळी पाचपेक्षा थोडा चढाच. तो बाकी कुठल्याच वाद्याशी तंतोतंत जुळत नाही. त्याच्यानंतर थेट सतार किंवा हार्मोनियम लावायचीच नाही. मधे तुम्ही बोला, वेळ सांगा, नाहीतर सरळ हलगी लावा. हलगी, संबळ, ढोल यांना हार्मोनियमसारखा धरून ठेवणारा सूर नसतो त्यामुळं मिनिटभराच्या हलगीनं कान साफ होतो आणि मग पुढं कुठल्याही पट्टीतलं गाणं चालतं. आपल्याकडं हलगीची कमी नाही, वापरा की.

उलट सूर जुळले तर मजा बघा. आयर्लंडचा इलिन पाइप हा दुसरा प्रकार, तो तोंडानं फुंकत नाहीत, बसून कोपराखालच्या भात्यानं हवा भरतात, आवाज मऊ, आणि त्याचे ड्रोन सहसा पांढरी दोनचे. मिरजेचा तानपुरा पांढरी दोनला लावलेला असेल, नुसता तानपुरा अर्धा मिनिट सोडा आणि त्याच्यावर हळूच इलिन पाइपची संथ धून येऊ द्या. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतल्या एका वादक मित्राला हे ऐकवलं तर तो पहिले काही सेकंद दोन्ही एकच रेकॉर्डिंग समजला होता.

सगळं ऑटोवर सोडणं

प्लेलिस्ट भरली, ऑटो डीजे लावला, आपण चहाला. असं फिल्मी गाण्यांना चालत असेल, इथं चालत नाही. पहिली गोष्ट क्रॉसफेड. एका गाण्याच्या शेवटावर दुसऱ्याची सुरुवात चढवणारं हे सेटिंग बऱ्याच सॉफ्टवेअरमधे आपोआप चालू असतं, आणि दोन वेगळ्या सुरांचे ड्रोन पाच-दहा सेकंद एकत्र वाजले की नुसता गोंगाट होतो. ते शून्यावर आणा, जिथं खरंच पाहिजे तिथं हातानं करा. दुसरं, शांतता ओळखून गाणं कापणारं सेटिंग. संथ आयरिश धून फार हळू सुरू होते, श्वासापासून, सॉफ्टवेअरला वाटतं गाणं अजून सुरूच झालं नाही आणि ते सुरुवातच खाऊन टाकतं. बंद करा.

आणि बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती ठेके हे सॉफ्टवेअर दाखवतं त्या आकड्यावर, विश्वास ठेवू नका. जिग हा नाचाच्या धुनेचा प्रकार सहा-आठच्या तालात असतो, आपल्या दादऱ्याच्या झोक्याशी जवळचा, स्लिप जिग नऊ-आठचा. सॉफ्टवेअर असल्या तालांचा वेग बऱ्याचदा चुकीचा मोजतं, आणि तुम्ही त्या आकड्यावरून "सारख्या वेगाची" म्हणून दोन गाणी जोडता तेव्हा एक धावतं आणि दुसरं लंगडतं. पायानं ठेका धरून बघा, दहा सेकंदांत कळतं.

इथंच एक सांगायचं, आयरिश ट्रॅक मधेच फेड करू नका. एका ट्रॅकमधे सहसा दोन-तीन धुना सलग जोडलेल्या असतात, त्याला सेट म्हणतात. एक धून ३२ बारची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन), रीलच्या वेगात अर्ध्या मिनिटाच्या थोडी पुढं जाते, ती दोन-तीनदा वाजते आणि मग सगळे वादक एकदम दुसऱ्या धुनेवर उडी मारतात, बऱ्याचदा पट्टीही बदलते. ती उडी हाच त्या ट्रॅकचा जीव. वेळ संपत आली म्हणून तुम्ही दीड मिनिटाला आवाज खाली घेतला तर ऐकणाऱ्याला "तेच तेच वाजतंय" एवढंच कळणार. वेळ कमी असेल तर छोटा ट्रॅक लावा, मोठा कापू नका.

केल्टिक म्हणजे धुकं, वीणेसारखं काहीतरी आणि लांबून येणारा बाईचा आवाज

ध्यानाच्या प्लेलिस्टमुळं हा गैरसमज पक्का झालाय. तो एक छोटा कोपरा आहे. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन आणि फ्रान्समधला ब्रिटनी, शिवाय स्पेनचे गॅलिसिया आणि अस्तुरियाससुद्धा याच कुटुंबात धरतात, ब्रिटनीतल्या लोरियांला १९७१ पासून या सगळ्यांचा मोठा महोत्सव भरतो. यातलं बरंचसं संगीत नाचाचं आहे, घाम काढणारं.

ब्रिटनीचं मुद्दाम ऐका. तिथली बोंबार्ड म्हणजे आपल्या सनईसारखंच दुहेरी पत्तीचं वाद्य, आवाज तसाच खणखणीत. आणि तिथं जोडीनं गायची पद्धत अशी की एक जण ओळ म्हणतो आणि दुसरा त्याच्या ओळीची शेवटची अक्षरं पकडून तीच ओळ उचलतो, मग पहिला त्याची शेवटची अक्षरं पकडतो, साखळी तुटतच नाही. आटपाडी-जतकडची धनगरी ओवी ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, झिलकऱ्यांनी ओळ उचलणं त्याच्या कानात आहेच. ही दोन शेजारी लावा, मधे काही बोलूसुद्धा नका.

सकाळच्या वेळेचाही विचार करा. सहाला एकदम फुल बँडची रील लावली तर लोक आवाज बंद करतात, आपल्याकडं त्या वेळेला भूपाळी, वासुदेव, आकाशवाणीवरची भक्तिगीतं ऐकायची कानाला पिढ्यानपिढ्या सवय आहे. पहिला अर्धा तास एकच वाद्य किंवा एकटा आवाज, हार्प, कोरा, ओवी. डब्याची घाई सुरू होते तेव्हा, सात-सव्वासातनंतर, रील आणि गजीचा ढोल बाहेर काढा.

जात्यावरची ओवी आणि लोकरीचं कापड

हा जोड मी तपशिलात सांगतो कारण इथं एक-दोन सेकंद इकडंतिकडं झाले तरी सगळं जातं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत, तिथं बायका हातमागाचं नवं लोकरीचं कापड भिजवून, टेबलाभोवती बसून, ते आपटून आपटून घट्ट करायच्या आणि आपटण्याच्या तालावर तिथल्या गेलिक भाषेतली गाणी म्हणायच्या. एक जण ओळ म्हणते, बाकीच्या धृपद. काम आणि गाणं एकच. आपली जात्यावरची ओवी तीच गोष्ट.

तर ओवीचं रेकॉर्डिंग संपताना बाईचा आवाज थांबतो पण जात्याची घरघर दोन-तीन सेकंद एकटीच चालू राहते. बहुतेक जण इथंच कापतात. ती पूर्ण संपू द्या. मग एक वाक्य, फक्त एक: गाणारीचं नाव आणि गाव. मग थेट टेबलावरची धप-धप सुरू होऊ द्या, "आता आपण जाऊया स्कॉटलंडला" वगैरे काही नको, कुठलं गाणं होतं ते नंतर सांगा. हरिपूरच्या एका मावशींनी व्हॉइस मेसेज टाकला होता, "अहो, त्या दुसऱ्या बायका काय दळत होत्या?" मी त्यांना कापडाचं सगळं सांगितलं, तर त्यांचा पुढचा प्रश्न, "मग कापड आटत असंल की." बरोबर, आटतंच, त्यासाठीच तर करायच्या.

गाणारीचं नाव सांगायचं यावर मी अडून बसतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यात कुठली ओवी कुणी गायली, कुठल्या गावात, याची नोंद आहे. एवढं मोठं काम करणाऱ्यांनी नाव सोडलं नाही तर आपण रेडिओवर नुसतं "पारंपरिक" म्हणून का सोडायचं?

चुकीची लेबलं

"आता एक आफ्रिकन गाणं" हे म्हणजे "आता एक आशियाई गाणं" म्हटल्यासारखं झालं. देश सांगा, वाद्य सांगा, जमलं तर भाषा सांगा. कोरा हे २१ तारांचं, माली-गांबिया-सेनेगलकडचं, आणि ते वाजवणारी घराणी पिढीजात, राजांच्या वंशावळी गाणारी. गायिका सेझारिया एव्होरा केप व्हर्दची, ब्राझीलची नाही. गळ्यातून दोन सूर काढणारे तुवाचे गायक, तुवा रशियात आहे, सरसकट मंगोलिया म्हणून मोकळे होऊ नका. नावांचे उच्चार आधी ऐकून देवनागरीत लिहून ठेवा, आयरिश स्पेलिंग बघून वाचायला गेलात तर फसणार.

शब्द न बघता लावणं

चाल आनंदी म्हणजे गाणं आनंदी असं नसतं. आयरिश-स्कॉटिश बॅलडमधे, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांत, खून, फाशी, बुडालेली होडी, १८४५ नंतरच्या दुष्काळात देश सोडून गेलेली माणसं, दारू, सगळं असतं आणि चाल उड्या मारत असते. अशी गाणी लावा, जरूर लावा, त्यात माणसाचं खरं दुःख आहे, फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचून लगेच नको. आधी बोल शोधून वाचायचे आणि दोन ओळीत गोष्ट सांगायची. गोष्ट सांगितली की लोक थांबतात.

आवाज वर-खाली

जुनं फील्ड रेकॉर्डिंग बारीक, नवं स्टुडिओचं मोठं, त्यामुळं ऐकणारा सारखा बटण फिरवत बसतो. पीक नॉर्मलाइज करून, म्हणजे फक्त सगळ्यात मोठा क्षण सारखा करून, हे सुटत नाही, लाउडनेस मोजून सगळ्या फाइल एका पातळीला आणा, ऑनलाइनला साधारण उणे १६ एलयूएफएस (लाउडनेस मोजायचं एकक) ठीक. तरी हायलँड बॅगपाइप मोठाच वाटणार, कारण त्याला हळू-जोरात असं काही करताच येत नाही, एकसारखा वाजतो. तो कानानंच दोन-तीन डेसिबल खाली घ्या. आणि सगळं एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, बोधरानचा, म्हणजे आयरिश डफाचा, घुमारा आणि धनगरी ढोलाचा खालचा आवाज तिथं गायबच होतो. नुसत्या ढोलाचा तुकडा लावणार असाल तर ज्यात काठीचा आवाज स्पष्ट आहे असं रेकॉर्डिंग निवडा.

व्हिसल पाण्यातून आल्यासारखी वाटत असेल तर फाइल तपासा, व्हिडिओवरून उतरवलेली कमी बिटरेटची फाइल तुम्ही परत दाबून पाठवताय. मूळ चांगली फाइल घ्या, विकत मिळत असेल तर विकत घ्या, पैसे त्या वादकाकडं जातात.

गाण्याचं नाव ऐकणाऱ्याच्या स्क्रीनवर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं नाहीतर भलतीच अक्षरं दिसत असतील तर आइसकास्टमधे (स्ट्रीम पाठवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) एमपीथ्री स्ट्रीमचा कॅरॅक्टर सेट आधीपासून लॅटिन धरलेला असतो, माउंटच्या, म्हणजे तुमच्या स्ट्रीमच्या, सेटिंगमधे तो यूटीएफ-८ करा.

"पारंपरिक आहे, मग फुकट आहे"

धून तीनशे वर्षांची असेल, रेकॉर्डिंग कुणाचं तरी आहे. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षं टिकतो, रचनेचा हक्क वेगळा, आणि नव्यानं बांधलेल्या मांडणीचाही असू शकतो. क्रिएटिव्ह कॉमन्सवालं, म्हणजे काही अटींवर वापरायला मोकळं ठेवलेलं, गाणं घेतलं तर नॉन-कमर्शियल लिहिलंय का बघा, भडंगवाल्यानं शो स्पॉन्सर केला असेल तर ते गाणं लावताना आधी विचारलेलं बरं. गावात जाऊन तुम्हीच रेकॉर्ड करत असाल तर आधी विचारा, कधी वाजणार ते सांगा आणि वाजल्यावर फाइल त्यांना पाठवा.

शो एखाद्या कम्युनिटी रेडिओला द्यायचा विचार असेल, म्हसवडचं माणदेशी तरंग आहे तसं, तर त्या स्टेशनांचा किमान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेला असावा लागतो. म्हणून नुसती परदेशी गाण्यांची यादी घेऊन जाऊ नका. तासातल्या निम्म्या जागा आपल्या माणसांच्या ठेवा, गोंधळी, गजी मंडळ, जात्यावरच्या बायका, आणि त्या रेकॉर्डिंगला लागणारा वेळ आधीच धरा, कारण सुगीच्या दिवसांत कुणालाही सवड नसते.