सेलमधून कपडे घेताना खोडलेल्या किमतीऐवजी कपडा कसा बघायचा

यादी करा, बजेट ठरवा, गरज असेल तरच घ्या. सेलबद्दलचे हे सल्ले तुम्ही पन्नास वेळा वाचले असतील, मीही वाचले होते. तरी यादी पर्समध्ये असताना मी नको ते कपडे घेऊन घरी आले आहे, तेही एकदा नाही. गरज आहे की नाही हे घरी बसून सगळ्यांनाच कळतं. अडचण येते ती ट्रायल रूममधून बाहेर पडल्यापासून बिलाच्या रांगेपर्यंतच्या दहा मिनिटांत. त्या दहा मिनिटांचं काय करायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्यांच्यावरच आहे. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत, त्या पटकन उरकू.

१. आधी स्वतःचं कपाट

हंगाम सुरू होताना सगळे हँगर उलट्या तोंडानं अडकवा. कपडा घालून धुऊन परत ठेवला की हँगर सुलट करा. सेलच्या आदल्या दिवशी कपाट उघडलं की काय खरंच वापरलं आणि काय नुसतं लटकत होतं ते समोर दिसतं. आपली आठवण याबाबतीत फार उदार असते, हँगर खोटं बोलत नाही.

मग यादी. ‘पँट’ एवढंच लिहू नका, कारण अशा यादीत दुकानातली कुठलीही पँट बसते. ‘ऑफिसला घालायची, पूर्ण लांबीची, गडद पण काळी नसलेली, निळ्या आणि पांढऱ्या शर्टावर चालणारी पँट’ असं लिहा. घरातल्या कोणत्या दोन कपड्यांवर जाणार हे लिहिता येत नसेल तर ती ओळ खोडा.

२. मापं

अंगावर सर्वांत नीट बसणारा शर्ट आणि पँट जमिनीवर सपाट पसरा. छाती एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत, खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत, कंबर आणि आतल्या शिवणीची लांबी मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. एका ब्रँडचा ‘एम’ दुसऱ्याचा ‘एल’ असतो, त्यामुळे अक्षरांवर विसंबू नका.

३. कधी जायचं

सेल लागतो कारण पुढच्या हंगामाच्या मालाला रॅक मोकळे हवे असतात आणि पडून राहिलेल्या कपड्यात दुकानाचा पैसा अडकलेला असतो. सुरुवातीला सूट कमी, पण सगळे साइज हजर. शेवटी सूट मोठी, पण उरलेला माल टोकाच्या साइजचा किंवा अडचणीच्या रंगाचा. तुमच्या यादीतली वस्तू साधी, सगळ्यांना लागणारी असेल तर पहिल्या दोन दिवसांत जा. शेवटच्या आठवड्यात गेलात तर प्रत्येक कपड्याबाबत विचारा की हा कपडा लोकांनी अख्खा हंगाम का सोडला? रंगामुळे सोडला असेल आणि तो रंग तुम्हाला खुलत असेल तर खुशाल घ्या. कटमुळे सोडला असेल तर तुमच्याही अंगावर तो तसाच बसणार आहे.

एकाच डिझाइनचे सगळे साइज ढिगानं आहेत आणि पहिल्याच दिवशी सूट प्रचंड आहे, असं दिसलं तर कापड दोनदा तपासा. काही ठिकाणी सेलसाठीच वेगळा, हलका माल बनवून आणलेला असतो.

४. सवलतीचा हिशेब

‘५० टक्के आणि वर २० टक्के’ म्हणजे ७० नाही, ६०. दुसरी सूट उरलेल्या अर्ध्यावर लागते. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे फार तर ३३ टक्के, तेही तिन्ही सारख्या किमतीचे असले तर, आणि तिन्ही हवे असले तरच. ‘दुसरा अर्ध्या किमतीत’ म्हणजे २५. ‘७० टक्क्यांपर्यंत’ या पाटीतला महत्त्वाचा शब्द ‘पर्यंत’ आहे. तिसरा शर्ट फक्त ऑफर पूर्ण करायला शोधत असाल तर तिथेच थांबा आणि पहिल्या दोघांचाही पुन्हा विचार करा.

५. कपडा उलटा करून बघा

शिवणीला दोन्ही बाजूंनी हलकं ताणा. टिपेतून उजेड दिसला तर ठेवून द्या. आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, किती सोडली आहे ते बघा, माया असेल तर पुढे सैल करता येतं, नसेल तर नाही. काजाचे दोरे, चेन, अस्तर तपासा. आतल्या लेबलवर धुण्याची सूचना वाचा. ‘फक्त ड्राय क्लीन’ असेल तर ड्राय क्लीनिंगचा खर्चही किमतीत धरा. बगलेत किंवा मांडीच्या आत आत्ताच गोळे आले असतील तर तो कपडा बऱ्याच जणांनी घालून पाहिलेला आहे आणि दोन धुण्यांत जुना दिसेल.

६. अंगावर चढवल्यापासून बिलापर्यंत

आता खरी पायरी. मी इथे वर्षानुवर्षं चुकत आले.

एक गर्द हिरवा ब्लेझर होता. टॅगवर किंमत दोनदा खोडून तिसऱ्यांदा लाल अक्षरात लिहिलेली. घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा खांद्याची शिवण माझ्या खांद्याच्या हाडापासून बोटभर बाहेर पडत होती. मला ते दिसलं होतं, हे इथे मुद्दाम सांगते आहे. दिसूनही मी मनात म्हटलं, शिंप्याकडून करून घेऊ. शिंप्यानं तो खांदा चिमटीत धरला, आतून अस्तर चाचपलं आणि सांगितलं की बाही काढावी लागेल, अस्तर उसवावं लागेल, मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, नव्यानं कापावा लागेल. त्यानं सांगितलेली मजुरी ब्लेझरच्या किमतीला जाऊन टेकत होती. ब्लेझर तीन वर्षं लटकला, हँगर एकदाही सुलट झाला नाही, शेवटी टॅगसकट देऊन टाकला.

डोळ्यांना दिसत असलेला दोष मनानं का मानला नाही, हे मला फार नंतर कळलं. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर शून्य ते शंभर आकड्यांचं चाक फिरवलं जाई. ते चाक १० किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था होती. मग विचारलं जाई की संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण या आकड्यापेक्षा जास्त की कमी, आणि नेमकं किती टक्के? ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चाकाचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता, तरी समोरच्या आकड्यानं उत्तर आपल्याकडे ओढलं. खोडलेली किंमत हेच करते. शिवाय तो आकडा विकणाऱ्यानं स्वतः ठरवून छापलेला असतो. मी ब्लेझर बघतच नव्हते, दोन आकड्यांमधलं अंतर बघत होते.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये खरेदीच्या समाधानाचे दोन भाग वेगळे केले: वस्तू मिळाल्याचं समाधान आणि सौदा चांगला जमल्याचं समाधान. सेलमध्ये दुसरं समाधान इतकं मोठं होतं की पहिलं आहे की नाही हे तपासायचं राहून जातं. आणि सौद्याचं समाधान पिशवी घरी येईपर्यंतच टिकतं. त्यानंतर कपाटात राहतो तो नुसता ब्लेझर, बोटभर मोठ्या खांद्याचा.

इथे एक सल्ला हमखास दिला जातो: ‘पूर्ण किमतीला घेतला असता का, असं स्वतःला विचारा.’ हा सल्ला सोडून द्या. एक तर तो खोडलेली किंमतच पुन्हा तुमच्यासमोर आणून ठेवतो. दुसरं म्हणजे, एखादा चांगला कोट पूर्ण किमतीला परवडत नाही म्हणून तुम्ही चार महिने थांबला असाल तर उत्तर ‘नाही’ येणार आणि नेमका घ्यायला हवा तो कोट तुम्ही सोडणार. त्याऐवजी मी हे विचारते: या कपड्याची किंमत पहिल्यापासून एवढीच आहे, उद्याही एवढीच असेल आणि उद्याही हा इथेच मिळेल, तर आज घेईन का? हे वाक्य ट्रायल रूममध्ये ओठ हलवून म्हणा. मनातल्या मनात म्हटलं की ते अर्ध्यावर सुटतं.

प्रत्यक्षात मी काय करते ते सांगते. कपडा घालण्याआधी टॅग आत खुपसते, किंमत बघत नाही. आरशासमोर पोट आत घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. त्या पोझमध्ये तुम्ही दिवसातून अर्धा मिनिटही नसता. हात वर करा, समोर मिठी मारल्यासारखे घ्या, खाली बसा, बुटाची नाडी बांधायला वाका. पाठीमागून फोटो काढा, कारण शर्ट पाठीत ओढतो आहे की नाही हे आरसा दाखवत नाही. शिंप्याकडून सहज होणाऱ्या गोष्टी म्हणजे लांबी कमी करणं, बाहीची टोकं आखूड करणं, कंबर थोडी आत घेणं. खांदा, मुंढा आणि पँटची बैठक यांत चूक असेल तर ती चूक तुमची नाही, पण तो कपडाही तुमचा नाही. ‘वजन उतरलं की बसेल’ म्हणून काहीही घेऊ नका. कपडा आजच्या अंगासाठी घ्यायचा. अपवाद फक्त वाढत्या मुलांच्या कपड्यांचा, तिथे एक साइज मोठा घ्या.

मग किंमत बघते. आणि कपडा परत रॅकवर अडकवते.

ही गोष्ट मला सर्वांत जड गेली, म्हणून तिच्यावर जोर देते आहे. कपडा हातावर टाकून ‘अजून बघू’ म्हणत दुकानात हिंडू नका. कानेमन, अर्थतज्ज्ञ जॅक नेट्श आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॉफीच्या मगांवरच्या प्रयोगांत, ज्यांच्या हाती कॉफीचा मग दिला होता त्यांनी तो विकायला मागितलेली किंमत, विकत घेणारे द्यायला तयार होते त्या किमतीच्या जवळपास दुप्पट होती. वस्तू हातात आली की ती आपली वाटते आणि परत ठेवणं म्हणजे काहीतरी गमावणं वाटतं. वीस मिनिटं हातावर वागवलेला स्वेटर परत ठेवताना मला चोरी झाल्यासारखं वाटायचं. आता मी रिकाम्या हातानं दुकानाबाहेर पडते, दहा मिनिटं चालते आणि तो कपडा आठवून बघते. पहिलं काय आठवतं? खिशांची जागा, कापडाचा घोळ, घरातली राखाडी पँट त्यावर कशी दिसेल हे आठवलं तर परत जाते आणि घेते. पहिली टक्केवारी आठवली तर परत जात नाही. इतक्या वर्षांत ही चाचणी मला एकदाही नडलेली नाही.

तेवढ्यात दुसऱ्यानं नेला तर? नेऊ दे. माझ्या हातचे असे दोन कपडे गेले, आणि त्यांतला एक कसा होता हेही आता आठवत नाही. यादीत तपशिलासकट लिहिलेली वस्तू, मापात बसणारी, समोर आली तर मात्र दहा मिनिटं थांबू नका. तिचा विचार तुम्ही घरीच पूर्ण केला आहे.

सोबत मैत्रिणीला नेऊ नका, असंही माझं ठाम मत आहे. ‘छान दिसतंय’ हे ती मनापासून म्हणते. पण प्रश्न छान दिसतंय का हा नसतोच, तुम्ही ते घालणार आहात का हा असतो.

ऑनलाइन असेल तर

दहा मिनिटांच्या जागी एक रात्र धरा. कार्डाचे नंबर साइटवर साठवू नका, नोटिफिकेशन बंद करा, शोधताना आधी साइजची चाळणी लावा म्हणजे मिळणारच नाही त्याचा मोह होत नाही. साइज चार्टमधली मापं फोनमधल्या मापांशी ताडून बघा, आणि ती अंगाची आहेत की कपड्याची हे आधी वाचा. डिलिव्हरी मोफत व्हावी म्हणून मोजे आणि टोप्या भरू नका, बहुतेक वेळा डिलिव्हरीचा खर्च त्याहून कमी असतो.

७. घरी आल्यावर

बिल देण्याआधीच विचारून ठेवा की सेलचा माल परत घेतात का, फक्त बदलून देतात का आणि किती दिवसांत. बऱ्याच दुकानांत सेलसाठी नियम वेगळे असतात. ‘नाही आवडलं तर परत करू’ या भरवशावर काही घेऊ नका. बदलायची मुदत कपाटात कशी निघून जाते ते मी पाहिलं आहे.

घरी आल्यावर कपडा घडी करून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, यादीत लिहिलेल्या त्या दोन कपड्यांसोबत घालून बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात नेव्ही आणि काळा एकच दिसतात. दोन्हींवर जमलं तर टॅग कापा आणि त्याच आठवड्यात एकदा घालून बाहेर जा. एकावरही जमत नसेल तर बिल आणि कपडा त्याच पिशवीत घालून दाराशी ठेवा, म्हणजे मुदतीच्या आत परत जाईल.